शब्दकोड्यातले अष्टप्रधान: क्लू कसा द्यावा?

आडवेउभे

शब्दकोडी सोडवणाऱ्यांसाठी आणि त्याहून जास्त ती रचणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकातलं कोडं यंदा माझ्याकडे आहे. त्यात राजाच्या सल्लागारांची, प्रधानांची जुनी पदं घ्यायची ठरवली आहेत. मराठी कोड्यांत ही पदं सारखी येतात, पण त्यांचे क्लू इतके ढोबळ असतात की सोडवणाऱ्यावर अन्याय होतो आणि इतिहासावरही होतो.

'राजाचा सल्लागार (३)' हा नेहमीचा क्लू घ्या. सचिव, अमात्य, प्रधान, वजीर, दिवाण, सगळे बसतात. मग कोडं रचणारा थोडा पुढे जातो आणि लिहितो, 'शिवरायांचे परराष्ट्रमंत्री (३)'. आता उत्तर सुमंत की डबीर? दोन्ही तीन घरांत बसतात आणि दोन्ही बरोबर आहेत. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास जुन्या फारसी पदांना संस्कृत नावं मिळाली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातला तो तक्ता आपण सगळ्यांनी पाठ केलाय. पण क्लू देताना काळ सांगायचा राहून जातो. १६७४ च्या आधीचं पद हवंय की नंतरचं, एवढं सांगितलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरा घोळ अक्षरांचा. ही पदं एकमेकांशी भलतीच जुळतात. वाकनीस, सुरनीस, सबनीस, पोतनीस, जमेनीस: प्रत्येकाला चार घरं आणि शेवटची दोन घरं 'नीस'. उभे शब्द नेमके त्या शेवटच्या दोन घरांतून गेले, तर सोडवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पंडितराव आणि पंतप्रधान दोन्ही पाच घरांचे, दोन्ही 'पं'ने सुरू होणारे. शिवरायांचा सरनौबत विचारलात तर प्रतापराव आणि हंबीरराव, दोन्ही पाच घरांचे, शेवट दोघांचाही 'राव'.

एक जागा मात्र फार सुंदर जुळून येते. 'सुमंत' आडवा लिहा, त्याच्या मधल्या 'मं'मधून 'मंत्री' खाली सोडा. दोन प्रधान एका अनुस्वारावर भेटतात. माझ्या चौकटीचा मध्य हाच ठेवला आहे.

माझं म्हणणं असं की क्लूमध्ये आजच्या खात्याचं नाव न देता त्या माणसाचं काम द्यावं. राज्याभिषेकानंतरच्या जाबत्यात, म्हणजे कामं नेमून देणाऱ्या यादीत, प्रत्येक प्रधानाचं काम इतक्या नेमक्या शब्दांत दिलंय की क्लू तिथूनच उचलता येतात. चार क्लू खाली देते. सोडवा आणि कुठे अडखळलात ते लिहा.

१. राजपत्रातलं कमीजास्त अक्षर तपासून शुद्ध करणारा प्रधान (३)
२. प्रायश्चित्तपत्रावर संमतीचं चिन्ह करणारा प्रधान (५)
३. निवाडपत्रावर संमतीचं चिन्ह करणारा प्रधान (४)
४. परराज्याचे वकील आले की त्यांचा सत्कार करणारा, १६७४ नंतर (३)

रविवारचीपुरवणी

सचिव, पंडितराव, न्यायाधीश, सुमंत. अडखळलो फक्त तिसऱ्याला, कारण 'न्यायाधीश' मी पाच घरांचा धरून चाललो होतो. न्या-या-धी-श, चारच. जोडाक्षराला एक घर हा नियम कोड्याच्या वर ठळक छापा. नवीन माणूस तिथेच फसतो.

पहिला क्लू मला विशेष आवडला. आजवर 'सचिव'साठी 'मंत्रालयातील अधिकारी' एवढंच वाचत आलोय. प्रधानमंडळात बसलेला माणूस पत्रातलं अक्षर न् अक्षर तपासतोय हे डोक्यातच नव्हतं. आज सचिव मंत्र्याच्या हाताखाली असतो, तेव्हा दोघे शेजारी बसणारे प्रधान होते. क्लूमध्ये काम दिलं की ही गोष्ट आपोआप पोचते.

मोडीवाचक

आडवेउभे ताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. सचिवाच्या कामाबद्दल थोडं लिहितो, कारण ते कागदावर प्रत्यक्ष पाहायला मिळतं.

शिवकालीन अस्सल पत्र हातात घेतलं की वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव'ची मुद्रा दिसते आणि मजकूर संपतो तिथे छोटं मोर्तब, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे इथे पत्राची मर्यादा झाली. त्याच्यापुढे कुणी एक ओळ घुसडली तर ती उघडी पडते. शिवाय 'सुरू सूद', 'बार सूद' असे दफ्तरातले शेरे असतात. पत्र नोंदलं गेलं, रवाना झालं, हे त्यावरून कळतं. एका कागदावर इतक्या हातांची राखण होती. जाबत्यातलं 'अधिक उणें अक्षर' हे वाक्य वाचताना हा कागद डोळ्यांपुढे ठेवा. गावचा पाटील किंवा किल्ल्याचा हवालदार ज्या पत्रावर विसंबून लाखमोलाचा निर्णय घेणार, त्यातली एक वेलांटी कुणाचं वतन घालवू शकते. ते जपणारा माणूस प्रधानमंडळात बसवला होता, यात राज्याची दृष्टी दिसते.

तुमच्या कोड्याला आणखी एक क्लू सुचवतो: 'पत्राची मर्यादा दाखवणारा लहान शिक्का (३)'. उत्तर मोर्तब, मो-र्त-ब अशी तीन घरं.

आणि एक सावधगिरी. मुजुमदार, सबनीस, सरनोबत ही पदं फक्त रायगडावरच्या दरबारात नव्हती. प्रत्येक प्रधानाच्या खात्यात दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे आठ दरकदार, म्हणजे अधिकारी, असत. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीच्या दर्जाचे, म्हणजे एकट्याच्या मनात आलं म्हणून किल्ला शत्रूला देता येऊ नये. तेव्हा 'सरनौबत म्हणजे सेनापती' एवढंच लिहिलंत तर गडावरच्या सरनोबतावर अन्याय होतो.

आडवेउभे

मोडीवाचक, हे सोनं दिलंत. 'एकाच गडावर तिघे बरोबरीचे: हवालदार, सरनोबत आणि … (४)'. उत्तर सबनीस. हा क्लू घेतेच. यात सोडवणाऱ्याला गडाच्या कारभाराचं सूत्रच हाती लागतं.

पंतोजी_निवृत्त

संस्कृत शिकवत असे, म्हणून एक मूळ मुद्दा मांडतो. 'राजाचा सल्लागार (३)' हा क्लू तुम्ही ढोबळ म्हणालात, पण त्याची मुळं फार जुनी आहेत. अमरकोशात क्षत्रियवर्गात 'मन्त्री धीसचिवोऽमात्यः' असे तीन शब्द एका ओळीत समानार्थी दिले आहेत आणि लगेच पुढे 'अन्ये कर्मसचिवास्ततः'. म्हणजे बुद्धीने साहाय्य करणारा तो धीसचिव, तोच मंत्री, तोच अमात्य. बाकीचे प्रत्यक्ष कामं करणारे ते कर्मसचिव.

आता १६७४ कडे पाहा. कोशात जे तीन शब्द एकाच माणसाचे, ते रायगडावर तीन वेगळ्या माणसांना दिले गेले. अमात्य जमाखर्चाचा, सचिव पत्रांचा, मंत्री राजकारण, आमंत्रण-निमंत्रण आणि वाकनिशीचा. आणि हे सगळे धीसचिव असूनही कर्मसचिवही होते, कारण पंडितराव आणि न्यायाधीश हे दोघे वगळता बाकी सहा जणांना प्रसंगी फौज घेऊन मोहिमेवर जावं लागे. सल्ला देणारा वेगळा आणि तो अमलात आणणारा वेगळा, अशी सोय तिथे नव्हती.

त्यामुळे क्लू 'अमरकोशानुसार मंत्री' असेल तर अमात्य बिनचूक. 'शिवकाळातील मंत्री' असेल तर अमात्य चूक. संदर्भाचा एक शब्द घातला की दोन्ही क्लू निर्दोष होतात.

कौटिल्याची पदंही घ्या. समाहर्ता म्हणजे महसूल गोळा करणारा, सन्निधाता म्हणजे कोशाचा रखवालदार. स-मा-ह-र्ता आणि स-न्नि-धा-ता, दोन्ही चार घरांचे, 'स'ने सुरू होणारे. यादवांच्या दरबारात हेमाद्री श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, होता. सहा घरं, आणि त्यातलं पहिलंच घर 'श्री'. दिवाळी अंकाला शोभेल.

रेघोट्या

मी थोडं विरुद्ध बाजूने बोलते, रागावू नका. शब्दकोडं म्हणजे इतिहासाची परीक्षा नव्हे. मी सकाळी चहाबरोबर सोडवते, आई दुपारी उरलेलं पुरं करते. 'परराष्ट्रमंत्री' वाचलं की आईला लगेच कळतं. 'परराज्याचे वकील आले की सत्कार करणारा' वाचून तिला कोर्टातले वकील आठवतील. शिवाय सुमंत की डबीर हे उभ्या शब्दांवरून ठरतंच ना? त्यासाठीच तर आडवं-उभं असतं. सगळा भार क्लूवर कशाला?

आडवेउभे

रेघोट्या, रागवायचं कशाला, हा प्रश्न यायलाच हवा होता.

उभ्या शब्दांवरून ठरतं, पण केव्हा? चौकट रचणाऱ्याने तशी काळजी घेतली असेल तेव्हाच. सुमंत आणि डबीर यांच्यात एकही घर सारखं नाही, तिथे कुठलाही एक उभा शब्द पुरतो. 'नीस'वाल्यांचं तसं नाही, तिथे पहिल्या किंवा दुसऱ्या घरातून उभा शब्द गेलाच पाहिजे. पंडितराव-पंतप्रधान असेल तर नुसतं पहिलं घर पक्कं करून चालणार नाही. हंबीरराव-प्रतापराव असेल तर पहिल्या तिनांतलं एक तरी घर उभ्या शब्दाने पक्कं व्हायला हवं. ही काळजी चौकट आखतानाच घ्यावी लागते. क्लू लिहिताना ती आठवली तर उशीर झालेला असतो.

आणि तुमच्या आईंबद्दल. वकील शब्दाला त्या काळी दूत असा अर्थ होता, ते आजच्या वाचकाला अडेल हे मान्य. तिथे 'परदरबारचे दूत' लिहीन. पण 'परराष्ट्रमंत्री'ला माझा विरोध कायम आहे, आणि 'गृहमंत्री'ला त्याहून जास्त. वाकनिसाला कोड्यांत सर्रास 'गृहमंत्री' म्हणतात. वाकनिशी म्हणजे रोजच्या घडामोडींची नोंद. पोलिसखातं सांभाळणारा गृहमंत्री त्यात कुठे बसतो? आजच्या खात्यांच्या खुंट्यांवर ती पदं टांगली की आठ वेगवेगळी कामं नाहीशी होतात आणि उरतात नुसती पाठ केलेली नावं. आईंना 'दरबारातल्या रोजच्या घडामोडी टिपून ठेवणारा' हा क्लू देऊन बघा. चहा गार होणार नाही.

रेघोट्या

दिला. आई म्हणाली, "वाकनीस, आमच्या वाड्यात भाडेकरू होते." आडनावावरून सुटलं! तिने पुढे चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस, सबनीस अशी माळच लावली. तेव्हा आडनावांकडे जाणारा क्लू द्यायला हरकत नाही, आमच्या पिढीला ती वाट जवळची आहे. माझा आक्षेप मागे नाही घेत, पण अर्धा कमी करते.

गगनगिरीचा_पायथा

कोल्हापूरकडून राम राम.

एक गंभीर चूक नेहमी दिसते ती इथे सांगतो. 'अष्टप्रधानांपैकी एक (४)', उत्तर प्रतिनिधी. साफ चूक. प्रतिनिधी हे पद राज्याभिषेकाच्या वेळी नव्हतंच. राजाराम महाराज जिंजीला असताना ते निर्माण झालं आणि पहिलं प्रल्हाद निराजींना मिळालं. रायगडावरचे न्यायाधीश निराजी रावजी, त्यांचे हे चिरंजीव. पद अष्टप्रधानांच्या वरचं मानलं गेलं, म्हणून त्या आठांत ते मोजायचंच नाही. तसाच चिटणीस. बाळाजी आवजींचं नाव इतकं मोठं की लोक त्यांना अष्टप्रधानांत धरतात. ते त्यात नव्हते.

त्याच काळात इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी राज्य तगवलं, त्यांना राजाराम महाराजांनी 'हुकुमतपनाह' किताब दिला. हु-कु-म-त-प-ना-ह, सात घरांचा शब्द, चौकटीची एक अख्खी बाजू भरते. १७१५ चं आज्ञापत्र त्यांचंच, त्यात प्रधानांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अष्टप्रधानांचं कोडं रचणाऱ्याने ते वाचलं नाही तर काय वाचलं?

पुढे ही पदं वंशपरंपरेने चालू लागली आणि नकाशावर उतरली. पंतसचिव म्हणजे भोर, पंतप्रतिनिधी म्हणजे औंध, पंत अमात्य म्हणजे आमचा बावडा, सेनापती म्हणजे कापशी. शिवरायांनी मुद्दाम टाळलं होतं ते नेमकं हेच. त्यांच्या वेळी प्रधानकी बापाकडून मुलाकडे हक्काने जात नव्हती. कोड्यात 'भोरच्या अधिपतीचं पद (५)' दिलंत तर पंतसचिव. पण ते पद आणि रायगडावरचा सचिव यांत हा मोठा फरक आहे, क्लूमध्ये तो राहू द्या.

दोन रामचंद्रांचंही लक्षात असू द्या. अमात्य ते रामचंद्र नीळकंठ, सुमंत ते रामचंद्र त्रिंबक. 'त्रिंबक' तर तिघांच्या नावात आहे: मोरो, दत्ताजी, रामचंद्र. 'प्रधानमंडळातले रामचंद्रपंत कोणत्या पदावर (३)' असा क्लू आला तर अमात्यही तीन घरं, सुमंतही तीन घरं. वडिलांचं नाव द्यायलाच हवं.

आडवेउभे

पायथा, शेवटचा परिच्छेद वाचून माझ्या चौकटीतला एक क्लू आत्ताच बदलला. 'पंतसचिव'ची घरं बरोबर, पं-त-स-चि-व. म्हणजे पाच घरांचा 'पं' आता तीन झाले: पंडितराव, पंतप्रधान, पंतसचिव. त्यातले शेवटचे दोन दुसऱ्या घरापर्यंत सारखेच चालतात, तिसरं किंवा त्यापुढचं एखादं घर पक्कं करावं लागेल.

कावेरीकाठ

नमस्कार. आम्ही तंजावरचे मराठी, आता चेन्नईत. घरातली मराठी तुमच्याहून निराळी आहे, लिहिताना पुण्याची वळणं सांभाळते आहे, चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या यादीत 'सरखेल' दिसला नाही. स-र-खे-ल, चार घरं. महाराष्ट्रात हा शब्द म्हटला की कान्होजी आंग्रे, आरमाराचे प्रमुख. आमच्याकडे व्यंकोजी राजांच्या वंशाच्या दरबारात सरखेल म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी, दिवाणाच्या जागी. समुद्राशी त्याचा संबंध नाही. एक पद, दोन मराठी दरबार, दोन कामं. 'कोकणात आरमाराचा, तंजावरात कारभाराचा (४)' असा क्लू दिलात तर आम्हा लोकांना फार आनंद होईल. कोड्यांमध्ये आमचं राज्य कधी येत नाही.

आणि डबीर. तुमच्याकडे १६७४ ला त्याचा सुमंत झाला. आमच्याकडे डबीर पंडित हे नाव दरबारात तसंच राहिलं. कुंभकोणमला आजही डबीर रस्ता आहे, रिक्षावाला तमिळ उच्चारात सांगतो आणि बरोबर नेऊन सोडतो. म्हणून '१६७४ नंतर डबीर नाही' असं कुणी लिहू नये, रायगडापुरतं लिहावं.

पंतोजी_निवृत्त

कावेरीकाठ, तुमची मराठी उत्तम आहे, काहीही सांभाळू नका. मुद्दा तर अव्वल. मी काळ सांगा म्हणत होतो, तुम्ही स्थळही सांगा म्हणालात.

रविवारचीपुरवणी

कावेरीकाठ यांचा सरखेल वाचून मला वजीर आठवला. बुद्धिबळातला वजीर हाही राजाचा सल्लागारच, आणि कोड्यातला माझा सर्वांत आवडता. 'राजाशेजारी उभा, पण राजापेक्षा बलवान (३)'. दरबारातला वजीर आणि पटावरचा वजीर एका क्लूमध्ये बसवता येतो. निजामशाहीतला मलिक अंबर आठवून पाहा, क्लू तंतोतंत लागू पडतो.

आणखी एक: साडेतीन शहाणे. पुण्याचे सखाराम बापू बोकील, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणवीस अर्धे. नाना तलवारीचे नव्हते म्हणून अर्धे, असं सांगतात. 'राक्षसभुवनावर पडलेला शहाणा' म्हटलं की १७६३ चा विठ्ठल सुंदर. पण 'फडणवीस' द्यायचं तर पाच घरं, 'फडणीस' दिलं तर चार. दोन्ही रूपं चालतात, मग सोडवणाऱ्याला कळायचं कसं?

आडवेउभे

कंसातल्या आकड्यावरून. रूपं दोन असतील तर कंसातला आकडा हाच निवाडा, म्हणून तो आकडा चुकवणं हा माझ्या मते रचणाऱ्याचा सगळ्यात मोठा अपराध. सरनौबत-सरनोबत यांचं मात्र आकड्याने भागत नाही, दोन्ही पाच घरांचे. तिथे 'नौ' किंवा 'नो'च्या घरातून उभा शब्द न्यायचा नाही, एवढंच पथ्य. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. 'नीस' दीर्घ लिहायचा, पण विभक्ती लागली की 'वाकनिसाला' ऱ्हस्व होतो. म्हणून उत्तर नेहमी मूळ रूपात मागायचं. काही रचणारे आडव्यात 'नि' आणि उभ्यात 'नी' एका घरात चालवून घेतात. मी चालवत नाही. सोडवणाऱ्याने ते घर पुसायचं की ठेवायचं?

मोडीवाचक

नावं कुठून आली हेही कोड्यात यावं अशी इच्छा आहे. शिवरायांच्या काळात रचलेला रघुनाथ पंडितांचा राजव्यवहारकोश हा नुसता अष्टप्रधानांपुरता नाही. त्यात दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. दरबारातल्या पदांपासून बाजारातल्या मालापर्यंत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, आणि तेही श्लोकांत बांधलेले. रघुनाथ पंडितांनी शेवटी टीकाकारांना उत्तर देऊन ठेवलंय: जाणत्यांनी मानलेल्या या ग्रंथाची अजाणांनी थट्टा केली म्हणून काय झालं, उंटाला कधी गोड केळं आवडतं का? नवा शब्द घडवणाऱ्याला तेव्हाही लोक हसत असणार, त्याशिवाय हे वाक्य लिहायची वेळ आली नसती.

आणि तरी पाहा, वर ज्या आडनावांची माळ रेघोट्यांच्या मातोश्रींनी लावली ती सगळी जुन्या पदांची आहे. अमात्य, सचिव कागदावर आले, पण घराघरांत चिटणीस-फडणीसच राहिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, तरी १७१३ ला बाळाजी विश्वनाथांना मिळाली ती लोकांच्या तोंडी पेशवाईच. मला यात कोशाचा पराभव दिसत नाही. दोन्ही शब्द दोन ठिकाणी जगले आणि तुमच्या कोड्याला दुप्पट शब्द मिळाले.

गगनगिरीचा_पायथा

राज्याभिषेकाच्या विधीवरून क्लू देणार असाल तर एक अट. कलशांचं वर्णन कोड्यांत फार येतं: पूर्वेला मोरोपंत तुपाचा सुवर्णकलश घेऊन, दक्षिणेला हंबीरराव दुधाचा रौप्यकलश घेऊन, पश्चिमेला रामचंद्र नीळकंठ दह्याचा ताम्रकलश घेऊन, उत्तरेला रघुनाथपंत मधाचा सुवर्णकलश घेऊन. वर्णन सुरेख आहे, पण ते मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतलं, म्हणजे राज्याभिषेकानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेलं. सभासदांची बखर १६९७ ची, ती घटनेच्या कितीतरी जवळची. क्लूमध्ये 'चिटणीस बखरीनुसार' एवढे दोन शब्द घाला. वाचक त्याने दचकत नाही, उलट बखरी दोन आहेत हे त्याला कळतं.

रेघोट्या

हे मात्र पटलं. 'अमक्या बखरीनुसार' वाचलं की मी तरी ती बखर शोधते.

आडवेउभे

सगळ्यांचे मनापासून आभार. चौकट आता अशी ठरली आहे. मध्यात सुमंत-मंत्री तसेच. वरची बाजू हुकुमतपनाह. सरखेल नक्की, कावेरीकाठ यांच्याच शब्दांत. पंतसचिव ठेवला आणि पंतप्रधान काढला, दोन्ही एकत्र नकोत. वाकनीस पहिल्या घरातून बांधला आहे, 'वा'मधून 'वाडा' खाली जातो. श्रीकरणाधिप जागेअभावी राहतोय याचं वाईट वाटतं.

काही क्लूंची शेवटची रूपं, हरकत असेल तर रविवारपर्यंत सांगा, सोमवारी अंक छापायला जातो:

- सुमंत: रायगडावर १६७४ नंतर परदरबारच्या दूतांचा सत्कार याच्याकडे (३)
- मंत्री: वाकनिशी सांभाळणाऱ्याला राज्याभिषेकानंतर मिळालेलं पद, अमरकोशात अमात्याचाच पर्याय (२)
- वाकनीस: त्याच पदाचं आधीचं नाव, दरबारातल्या रोजच्या घडामोडी टिपणारा (४)
- अमात्य: नीळकंठपुत्र रामचंद्रपंतांचं पद, राज्याचा जमाखर्च याच्या हाती (३)
- प्रतिनिधी: जिंजीत निर्माण झालेलं, अष्टप्रधानांच्या वरचं पद (४)
- हंबीरराव: नेसरीला प्रतापराव पडल्यावर सेनापती झालेले हंसाजी मोहिते यांचा किताब (५)

पंतोजी_निवृत्त

'अमात्य' आणि 'मंत्री' एकाच चौकटीत आहेत, मग मंत्र्याच्या क्लूमध्ये अमात्याचं नाव छापू नका, एक उत्तर फुकट जाईल. 'अमरकोशात धीसचिवाचाच पर्याय' लिहा.

'वाकनीस'मध्ये 'त्याच पदाचं' म्हणताना आडव्या-उभ्या क्रमांकाचा उल्लेख हवा. आणि मंत्र्याच्या क्लूमध्ये 'वाकनिशी' शब्द आहे, तोही वाकनीस उघडा पाडतो.

आडवेउभे

तिन्ही दुरुस्त्या घेतल्या. मंत्र्याचा क्लू आता: 'दरबाराची आमंत्रणं-निमंत्रणं आणि राजकारणाची सावधगिरी या प्रधानाकडे, अमरकोशात धीसचिवाचाच पर्याय (२)'. वाकनिसात 'उभा ७ चं आधीचं नाव' असं घातलंय.

कावेरीकाठ

अंक चेन्नईला पोस्टाने येईल का? पैसे आधी पाठवते. आमच्याकडे पाच-सहा घरं अशी आहेत जिथे तो सरखेल कोण आधी सोडवतं यावरून भांडण होईल.

आडवेउभे

येईल, व्यक्तिगत निरोप पाठवा. तुमच्या घरांसाठी सहा प्रती वेगळ्या काढून ठेवते.